सत्तेचाळीस - शून्य

मंडळी, शनिवार सकाळ. बाहेर पावसाची रिपरिप, घरात सगळे अजून झोपलेले आणि माझ्या हातात चहाचा दुसरा कप. आज ऑफिस, कोड, अप्रेझल, ट्रॅफिक यातलं काहीही लिहायचं नाही असं ठरवलंय. आज लिहायचंय आइस हॉकीबद्दल. हसू नका. हो, तोच तो बर्फावरचा खेळ, ज्यात हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांना फळीवर आदळतात. आणि त्यातही डेन्मार्कमधल्या एका मध्यम आकाराच्या गावातल्या क्लबबद्दल. क्लबचं नाव हर्निंग ब्लू फॉक्स, म्हणजे निळा कोल्हा. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पंचतंत्रातला निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा आठवला होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण आठवला, त्याला मी काय करू? :) )

तर गोष्ट सुरू होते नोव्हेंबर २००६ मध्ये. त्या काळी ऑनसाईट या शब्दाला जी किंमत होती ती आजच्या पोरांना सांगून कळायची नाही. माझ्या बॅचचे एकेक जण न्यू जर्सी, डॅलस, लंडन असे उडत होते. माझा नंबर लागला तेव्हा मॅनेजरने हाक मारून सांगितलं, "हर्निंग." मला वाटलं मासा आहे. जागेवर येऊन नकाशा उघडला. डेन्मार्कचा जो भाग जर्मनीच्या डोक्यावर तुऱ्यासारखा उभा आहे ना, तो जटलंड, आणि त्याच्या पोटात मधोमध हर्निंग. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या फलटणएवढीच. फलटण सोडून पुण्याला आलो, पुणे सोडून सातासमुद्रापार जायचं, आणि जायचं कुठे, तर पुन्हा फलटणलाच!

काम होतं एका कापड कंपनीच्या गोदामाच्या सिस्टिमचं. हर्निंगमध्ये कापड कंपनी असणं यात नवल नाही. हा सगळा भाग पूर्वी उजाड माळरान. रेताड जमीन, झुडपं आणि मेंढ्या. शेतीत भागत नाही म्हणून इथले लोक घरी लोकरीचे मोजे विणायचे आणि फेरीवाले ते पाठीवर टाकून गावोगाव विकायचे. १८६४ साली डेन्मार्क प्रशियाविरुद्धचं युद्ध हरला, देशाचा दक्षिणेकडचा मोठा लचका गेला. मग १८६६ मध्ये माळरान लागवडीखाली आणणारी एक संस्था निघाली आणि जे गेलं त्याची भरपाई उरलेल्या जमिनीतून करायची म्हणून लोकांनी हे माळ हिरवे केले. पुढे मोज्यांच्या विणकामातून कारखाने झाले, गाव वाढलं आणि विसाव्या शतकाच्या शेवटी शिवणकाम पूर्व युरोप आणि आशियाकडे गेल्यावर गावात उरली डिझाइनं, गोदामं आणि आमच्यासारख्यांना लागणारी सॉफ्टवेअरं.

हे सगळं मला आमच्या लीडसाहेबांनी सांगितलं. साहेब म्हणजे पन्नाशीचा डॅनिश गृहस्थ. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून काही ते नाव सरळ निघायचं नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना लीडसाहेबच म्हणायचो. अतिशय कमी बोलणारे. पश्चिम जटलंडचे लोक तसेच असतात म्हणे. एखादी गोष्ट जबरदस्त आवडली तर तिथला माणूस म्हणतो, "तसं काही वाईट नाही." मी तीन आठवडे रात्रंदिवस एक मॉड्यूल लिहिलं, ते पहिल्याच दिवशी बिनबोभाट चाललं, तेव्हा साहेब स्क्रीनकडे बघून हेच म्हणाले. मी खट्टू झालो. नंतर दुसऱ्या एकाने समजावलं की बाबा रे, ही तिथली शाबासकी आहे.

डिसेंबर उजाडला. उजाडला म्हणजे काय, नाहीच उजाडला. सूर्य पावणेनऊला उगवायचा आणि पावणेचारला मावळायचा. ऑफिसला अंधारात जायचं, अंधारात परत यायचं. शनिवारी दुपारी दुकानं बंद. रूमवर खिचडी, इंटरनेट आणि मी. फोन महाग. एका शुक्रवारी साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "आज संध्याकाळी हॉकी आहे. गरम कपडे घाल."

अशा तऱ्हेने मी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये पाऊल ठेवलं.

पहिला धक्का दारातच बसला. तिकिटं फाडायला कोण, तर आमच्याच क्लायंटच्या अकाउंट्समधले काका. आत खाण्याच्या खिडकीत सॉसेज भाजणाऱ्या बाई गोदामातल्या. मला ओळखून हसल्या आणि मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी बटाट्याच्या तळलेल्या सळ्या आणि वर पिवळंधम्मक रेमोलाद दिलं. मी साहेबांना विचारलं, "यांना पगार पुरत नाही का?" साहेबांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले, "हे फुकट करतात. क्लब आहे ना." जणू काही या तीन शब्दांत सगळं स्पष्टीकरण आलं.

आता थोडं खेळाबद्दल, कारण त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. साठ मीटर लांब, तीस मीटर रुंद बर्फाचं मैदान, कडेने फळ्या. प्रत्येक बाजूला गोलकीपर धरून सहा खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी फ्रीझरमध्ये ठेवतात. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे खेळाडू बदलायला खेळ थांबवावा लागत नाही. एक तुकडी पाऊण मिनिट जीव तोडून पळते आणि खेळ चालू असतानाच फळीवरून उडी मारून बाहेर, नवी तुकडी आत. सर्व्हर बंद न करता पार्ट बदलायचा! आम्ही त्या गोदामाच्या सिस्टिममध्ये हेच करायला सहा महिने धडपडत होतो. चूक केली की दोन मिनिटं बाकावर, तेवढा वेळ संघ पाच जणांत खेळणार. हे मात्र आमच्या ऑफिसात आणायला हवं असं वाटलं.

पहिल्या ब्रेकमध्ये बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र फिरायला लागलं. साहेब कॉफीचा कप हातात धरून त्याच्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "डेन्मार्क आइस हॉकीत चांगला देश आहे का?"

साहेब म्हणाले, "सत्तेचाळीस-शून्य."

मला वाटलं माझं ऐकायला चुकलं. नाही चुकलं. १२ फेब्रुवारी १९४९, स्टॉकहोम, जागतिक स्पर्धा. कॅनडा ४७, डेन्मार्क ०. कॅनडाने तर राष्ट्रीय संघही पाठवला नव्हता, सडबरी वुल्व्ह्ज नावाचा एक क्लबच पाठवला होता. मी मनातल्या मनात भागाकार केला (सवय!). साठ मिनिटांत सत्तेचाळीस, म्हणजे दर सव्वा मिनिटाला एक गोल. प्रत्येक गोलनंतर कुणीतरी जाळ्यातली चकती काढायची, सगळ्यांनी पुन्हा मध्यावर यायचं, पुन्हा सुरुवात. सत्तेचाळीस वेळा. त्या स्पर्धेत दहा संघ होते, डेन्मार्क दहावा आला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दुसऱ्या हिवाळ्यात परत बर्फ पडला," साहेब म्हणाले. आणि दुसरा भाग सुरू झाला.

नंतरच्या शुक्रवारांमध्ये तुकड्या-तुकड्यांनी मला बाकीचं कळत गेलं. हर्निंगचा क्लब १९४७ चा, म्हणजे त्या सत्तेचाळीस-शून्यच्या वेळी जेमतेम दोन वर्षांचं बाळ. डेन्मार्क थंड देश असला तरी जवळजवळ चहूबाजूंनी समुद्र, त्यामुळे हिवाळा बेभरवशाचा. आज तळं गोठेल, उद्या वितळेल. कृत्रिम बर्फाचे हॉल येईपर्यंत तिथे आइस हॉकी खेळणं म्हणजे आपल्याकडे पावसाच्या भरवशावर केलेली शेती. सुरुवातीची वर्षं राज्य कोपनहेगन आणि आसपासच्या क्लबांचं. राजधानीच्या लोकांना जटलंडवाले म्हणजे मेंढ्या राखणारे वाटायचे. (हे वाचताना पुण्या-मुंबईकडे बघू नये.) सत्तरच्या दशकात हर्निंगने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आणलं, नव्वदच्या दशकात तर दबदबाच निर्माण केला आणि आजही देशात सगळ्यात जास्त विजेतेपदं याच क्लबच्या नावावर आहेत.

मी तिथे होतो तेव्हाचा रेकॉर्ड बघून माझ्यातला प्रोग्रामर खूश झाला होता. २००१ हर्निंग. २००२ दुसरं कोणी. २००३ हर्निंग. २००४ दुसरं कोणी. २००५ हर्निंग. २००६ दुसरं कोणी. सरळ सरळ सम-विषमची अट लिहिलेली! मी साहेबांना म्हटलं, २००७ विषम आहे, काळजी करू नका. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की टेस्टिंग न करता कोड टाकणाऱ्याकडे बघतात.

आणि २००३ म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४९ नंतर डेन्मार्कला जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटात परत यायला २००३ साल उजाडलं. चोपन्न वर्षं! पहिल्याच सामन्यात त्यांनी अमेरिकेला ५-२ हरवलं. आणि त्याच स्पर्धेत कॅनडाशी २-२ बरोबरी केली, त्या कॅनडाशी, ज्याने पुढे ती स्पर्धा जिंकली. ही बरोबरी सांगताना साहेबांचा आवाज किंचित बदलला. किंचितच. "तसं काही वाईट नव्हतं," ते म्हणाले.

जानेवारी २००७ मध्ये एका सकाळी ऑफिसात आलो तर चक्क गलका. गलका म्हणजे चार माणसं एका स्क्रीनभोवती उभी, आणि त्यातले दोघे बोलत होते. हर्निंगचा मुलगा फ्रान्स नील्सन न्यू यॉर्क आयलँडर्सकडून एनएचएलमध्ये खेळला होता. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेची लीग, या खेळातली पंढरी. डेन्मार्कमध्ये जन्मलेला पोल पोपिएल म्हणून एक जण तिथे पूर्वी खेळला होता, पण तो लहानपणीच कॅनडात गेलेला. डेन्मार्कमध्येच वाढून, तिथेच खेळ शिकून एनएचएलमध्ये पोचलेला पहिला माणूस म्हणजे हा फ्रान्स. वय बावीस. त्याचे वडील फ्रिट्स नील्सन याच क्लबचे खेळाडू, पुढे प्रशिक्षक. अकाउंट्सवाले काका मला म्हणाले, "त्याच्या बुटाची नाडी मी बांधलीय." मी म्हटलं, "काहीतरीच!" ते म्हणाले, "शनिवारी सकाळी ये, दाखवतो."

गेलो. सकाळी आठला, अर्थात अंधारात. हॉलमध्ये चार-पाच वर्षांची वीसेक चिल्लीपिल्ली, अंगावर एवढी जाडजूड कवचं की कोबीचे गड्डेच. काही जण आधाराला प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत बर्फावर चालत होते. धपाधप पडत होते, कुणी रडत नव्हतं, कुणी "सांभाळून!" म्हणून ओरडत नव्हतं. आणि कडेच्या लाकडी बाकावर ओळीने आईवडील गुडघ्यावर बसून नाड्या बांधत होते. स्वतःच्या पोराच्या नाही, जो समोर येईल त्याच्या. स्केटच्या नाड्या घट्ट लागतात, लहान बोटांत तेवढा जोर नसतो. काका पण तिथेच बसले होते. त्यांची स्वतःची मुलं कधीच मोठी होऊन गाव सोडून गेलेली. ते स्वतः लहानपणी याच क्लबात खेळले होते, "पण मी काही खास नव्हतो," ते म्हणाले, आणि पुढच्या पोराचा पाय मांडीवर घेतला.

डेन्मार्कमधल्या क्लबांची रचना मला त्या दिवशी समजली. आपण टीव्हीवर बघतो तो व्यावसायिक संघ, पगारी खेळाडू, अमेरिकन-कॅनेडियन पाहुणे, जाहिराती, हे सगळं वरचं. ब्लू फॉक्स हे त्या वरच्याचं नाव. त्याच्या खाली मूळ क्लब, वर्गणी आणि फुकट काम करणाऱ्या माणसांवर चालणारा, आणि पोरं तयार होतात ती तिथे. अख्ख्या देशात बर्फाचे हॉल पंचवीस-तीस. फुटबॉल आणि हँडबॉलपुढे या खेळाला विचारतो कोण? तरी चालतं, कारण सकाळी आठला नाड्या बांधायला माणसं येतात.

त्या बाकावर बसलो असताना मला एकदम अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील.

अण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर. पहिली पाळी संपली की सायकलवरून थेट मैदानावर. गावात त्यांनी आणि त्यांच्या चार दोस्तांनी चालवलेलं कबड्डीचं मंडळ. रोज संध्याकाळी मैदानाला पाणी मारायचं, खडे वेचायचे, फक्की टाकून आखणी करायची आणि मग पोरांना चढाई-पकड शिकवायची. तीस वर्षं. पैसा एक नाही, उलट खिशातलेच जायचे. आई करवादायची. मीही नववीपर्यंत खेळलो. दहावीला क्लास लागले, मग बारावी, मग इंजिनिअरिंग. एकदा सुट्टीत घरी आलो असताना अण्णा म्हणाले, "संध्याकाळी ये की मैदानावर, पोरं विचारतात." आणि मी, सेमिस्टरला डिस्टिंक्शन मिळालेला शहाणा, म्हणालो, "अण्णा, तीस वर्षांत तुमच्या मैदानातून एक तरी पोरगा कुठे पोचला का?"

ते काही बोलले नाहीत. पायात चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर त्यांनी मला कधीच मैदानावर बोलावलं नाही.

हर्निंगच्या त्या बाकावर मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर मला फ्रान्स नील्सनने नाही दिलं. फ्रान्सने दिलं असतं तर मीच जिंकलो असतो, नाही का? कारण मग हिशोब सरळ होता: ज्या मैदानातून एक जण वर पोचला ते मैदान वसूल, ज्यातून नाही ते फुकट. उत्तर दिलं ते अकाउंट्सवाल्या काकांनी. "काही खास नव्हतो" म्हणणाऱ्या माणसाने. फ्रान्सच्या आधी साठ वर्षं त्या क्लबात असेच "काही खास नव्हतो"वाले तयार होत राहिले. त्यातल्या कुणी तिकिटं फाडली, कुणी सॉसेज भाजले, कुणी नाड्या बांधल्या. ते नसते तर फ्रान्सला पाय ठेवायला बर्फच नसता. आणि फ्रान्स झाला नसता तरी ते शनिवारी सकाळी आलेच असते.

त्या रात्री कॉलिंग कार्ड घासून फलटणला फोन लावला. नेहमीचं जेवलास का, थंडी किती झालं. मग मी विचारलं, "अण्णा, तुमचा सगळ्यात मोठा पराभव कुठला हो?" पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग अण्णा खदखदून हसले. इतके हसले की मागून आईने "काय झालं?" विचारलेलं मला ऐकू आलं. "बावन्न-नऊ," ते म्हणाले. "त्र्याऐंशी साल. मुंबईचा संघ होता. आमच्यातल्या दोघांना तर कळलंच नाही आपण बाद कधी झालो. रात्री उसाच्या ट्रकमधून परत आलो, कुणी कुणाशी बोललं नाही."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी मैदानाला पाणी माराया नको?"

मी त्यांना सत्तेचाळीस-शून्य सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "आरं, म्हणजे आपण नऊ तरी केले की."

मार्चअखेर माझं काम संपलं, परत आलो. शेवटच्या दिवशी साहेबांनी स्टेशनवर सोडलं, हात मिळवला आणि म्हणाले, "तुझं काम तसं काही वाईट नव्हतं." मला भरून आलं, खरं सांगतो. आणि थोड्याच दिवसांत त्यांचा एका ओळीचा मेल: "विषम वर्ष. तू बरोबर होतास." २००७ चं विजेतेपद हर्निंगलाच मिळालं होतं! २००८ मध्येही त्यांनीच जिंकून माझ्या सम-विषमच्या सिद्धांताचा निकाल लावला, तो भाग वेगळा. पुढे २०११ आणि २०१२ लाही जिंकले.

त्या २०११-१२ च्या संघात ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँड नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता आणि त्याचा बापच संघाचा प्रशिक्षक होता. बाप टॉड मूळचा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा, खेळायला म्हणून हर्निंगला आला आणि तिथलाच झाला. पोरगा हर्निंगमध्ये जन्मला, उलट दिशेने अमेरिकेत गेला, २०१३ साली कोलंबस ब्लू जॅकेट्सने त्याची निवड केली. पण देशाकडून खेळायचं तर डेन्मार्ककडून. हर्निंगचाच पीटर रेगीन ओटावाकडून खेळला. हर्निंगमध्येच जन्मलेला गोलकीपर फ्रेडरिक अँडरसन, ज्याचे वडीलही गोलकीपर, आज एनएचएलमधल्या नावाजलेल्या गोलकीपरांत मोजला जातो. आणि फ्रान्सने स्वतः तिथे नऊशेच्या वर सामने खेळले. २०२२ मध्ये डेन्मार्क पहिल्यांदा हिवाळी ऑलिंपिकच्या आइस हॉकीत उतरला, पहिल्याच सामन्यात चेक संघाला २-१ हरवलं. त्यात एक गोल सदतीस वर्षांच्या फ्रान्सचा.

साहेब निवृत्त झाले. मेल वर्षातून एकदा, नाताळला. मी इकडे लीड झालो, मॅनेजर झालो, केस गेले, ईएमआय आले. हर्निंग मागे पडलं.

मग २३ मे २०२५ ची सकाळ. उठून फोन बघितला तर साहेबांचा मेसेज. मे महिन्यात! आधी पोटात गोळाच आला, या वयातल्या माणसाचा अवेळी मेसेज म्हणजे... उघडला. त्यात फक्त आकडे होते.

"४७-०. २-१."

जागतिक स्पर्धा त्या वर्षी स्टॉकहोम आणि हर्निंग अशी दोन गावांत होती. (बघा, पुन्हा स्टॉकहोम!) आदल्या दिवशी उपांत्यपूर्व सामना, कॅनडा विरुद्ध डेन्मार्क, आणि तो हर्निंगमध्ये. कॅनडाच्या संघात सिडनी क्रॉसबी, नेथन मॅककिनन, म्हणजे आपल्या भाषेत तेंडुलकर-कोहलीच. कॅनडा १-० पुढे. सामना संपायला सव्वादोन मिनिटं असताना निकोलाय एहलर्सने बरोबरी केली आणि एकोणपन्नास सेकंद उरले असताना निक ओलेसनने दुसरा गोल मारला. डेन्मार्क इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत. पुढे स्वित्झर्लंडकडून ७-० असा सपाटून मार खाल्ला, मग स्वीडनकडून हरून चौथे आले. असू दे. शहात्तर वर्षांनी ज्या गावात कॅनडाला हरवलं ते गाव माझं फलटण होतं, एवढंच मला महत्त्वाचं.

त्या शनिवारी मी गाडी काढून गावी गेलो. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला यंत्र, गुडघे गेलेले. ओट्यावर बसून त्यांना फोनवर शेवटची तीन मिनिटं दाखवली. त्यांना चकती दिसत नव्हती, मलाही नीट दिसत नव्हती. पण त्यांचं लक्ष डेन्मार्कच्या गोलकीपरवर, फ्रेडरिक डिखाववर. "हा पोरगा जागा सोडत नाय," म्हणाले. मग फोन परत दिला आणि विचारलं, "त्या सत्तेचाळीसवाल्यांपैकी कुणी असंल का रे अजून?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"त्यांना कळायला पाहिजे होतं," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी पाच वाजता दारात एक बाइक थांबली. एसटीत ड्रायव्हर असलेला अण्णांचा जुना चेला. आता मंडळ तोच बघतो. तो रोज अण्णांना मागे बसवून मैदानावर नेतो आणि खुर्ची टाकून देतो. त्याने मला विचारलं, "दादा, येताय का?" मी अण्णांकडे बघितलं. ते चपला शोधत होते. वर न बघताच म्हणाले, "येऊ दे की. पाणी मारायला माणूस कमीच हाय."

गेलो. पाइप जुना होता, तीन ठिकाणी गळत होता, निम्मं पाणी माझ्याच पँटवर. समोर पंधरा-वीस पोरं मैदान ओलं व्हायची वाट बघत उभी होती. त्यातलं कुणी कुठे पोचेल का, हे मी विचारलं नाही.

असो. चहा गार झाला. मुलगी उठलीय वाटतं.

ता. क. - साहेबांना मैदानाचा फोटो पाठवला होता, अण्णा खुर्चीत, मागे पोरं. उत्तर काय आलं असेल ते ओळखा पाहू. :)